तैग्रीसच्या काठावरील जखमी

दिल्लीत वास्तव्य करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना इंडिया गेटची ओळख करून द्यावयास नको. गावाकडून पाहुणे आले की त्यांना प्रथम तेथे नेण्याचा परिपाठ आपल्या घराघरांतून आहे. १९२१ च्या फेब्रुवारीत या वास्तूची पायाभरणी झाली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत तिचे अनावरण झाले, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु कमानीच्या माथ्यावर जो इंग्रजी मजकूर कोरलेला आहे, तो मान उंचावून संपूर्ण वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. ज्या रणभूमींवर हिंदी सैनिक पडले त्यांची नावे तेथे आहेत. फ्रान्स आणि फ्लँडर्स यांच्या पाठोपाठ त्यांत मेसापोटेमियाचे नाव येते.

मेसापोटेमिया म्हणजे तैग्रीस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधला प्रदेश, आजचा इराक. त्याचे बंदर बसरा. हे गाव मराठी स्त्रियांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, ते नथीतील बसराई मोत्यांमुळे. पहिल्या महायुद्धात तेच नाव सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील खेड्यापाड्यांत निराळ्याच कारणाने जाऊन पोहोचले. या मोहिमेचा इतिहास बहुधा सेनापतींच्या अंगाने लिहिला गेला आहे. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते जखमींविषयी, आणि जखमींची व्यवस्था पाहण्याचे काम ज्या कचेऱ्यांकडे होते त्यांच्याविषयी. उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींमध्ये काढलेल्या माणसास या दुसऱ्या बाजूचे आकर्षण अधिक वाटले, तर वाचकांनी ते क्षम्य मानावे.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी शत् अल् अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे हिंदी सैन्याची पहिली तुकडी उतरली. ती सहाव्या डिव्हिजनची, म्हणजे पुणे डिव्हिजनची. पहिल्या उतरलेल्या ब्रिगेडमध्येच ११७ वी मराठा पलटण होती. मागाहून १०३ वी आणि ११० वी मराठा पलटणही तेथे दाखल झाली. त्याच महिन्यात बसरा हाती आले आणि काम सोपे आहे असा समज शिमल्यापासून लंडनपर्यंत पसरला. तेलाच्या नळांचे रक्षण करण्यासाठी निघालेले हे सैन्य पुढे नदीच्या काठाकाठाने बगदादच्या मोहाने वर वर सरकत गेले. १९१५ च्या एप्रिलपासून एकंदर मोहिमेची सूत्रे जनरल निक्सन यांच्याकडे आणि पुणे डिव्हिजनची जनरल टाउनशेंड यांच्याकडे होती. सैन्य जसजसे वर गेले तसतशी बसऱ्यापासूनची वाट लांबत गेली. रस्ते नव्हते, आगगाडी नव्हती. अन्न, दारूगोळा, जनावरे, माणसे सारे काही नदीतून न्यावयाचे, आणि आगबोटी मोजक्याच. लोहमार्ग टाकण्याची सूचना पुढे आली तेव्हा ती खर्चाच्या सबबीवर मागे पडली.

हिंदुस्थानातील सैन्याची वैद्यकीय व्यवस्था त्या काळी कशी होती, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुढील अनर्थाचे मूळ तेथे आहे. गोऱ्या शिपायांसाठी १८८० नंतरच्या दशकातच छावणीची सामाईक, सुसज्ज रुग्णालये झाली होती. हिंदी शिपायासाठी मात्र प्रत्येक पलटणीचे आपापले लहानसे इस्पितळ असे. तेथे दाखल होताना शिपायाने आपले अंथरूण-पांघरूण आणि कपडे बरोबर न्यावयाचे, आणि जेवणाची सोयही बव्हंशी आपणच पाहावयाची. शुश्रूषेसाठी शिकविलेल्या परिचारिका नाहीत. पलटणीतलाच कोणी भाऊबंद उशाशी बसे. शांततेच्या काळात हे कसेबसे चालून जाई आणि तिजोरीला स्वस्त पडे. रणांगणावर जखमी उचलण्यासाठी डोल्या आणि डोलीवाले होते. त्या कमी पडल्या की खेचरांच्या ए. टी. गाड्या, म्हणजे सामान वाहण्याच्या दोन चाकी गाड्या. या गाड्यांना स्प्रिंगा नसत आणि तळाला लोखंडी पट्ट्या असत. वायव्य सरहद्दीवरील लहानसहान चकमकींसाठी बेतलेली ही व्यवस्था जशीच्या तशी आगबोटीवर चढवून बसऱ्यास उतरविण्यात आली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी ब्रायटन येथील रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा १९१४ च्या डिसेंबरमध्ये रुग्णालय म्हणून उघडण्यात आला. हिंदूंचे पाणी निराळे, मुसलमानांचे निराळे, निरनिराळ्या जातिधर्मांसाठी मिळून नऊ स्वयंपाकघरे, मृतांच्या दहनासाठी गावाबाहेरच्या टेकडीवर जागा, असा सारा बंदोबस्त होता. राजाराणींनी भेटी दिल्या, छायाचित्रे निघाली, आणि या व्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या पुस्तिका गुरुमुखी व उर्दूतसुद्धा छापल्या गेल्या. म्हणजे हिंदी जखमी शिपायाला कसे वागवावे, याचे ज्ञान साम्राज्याला नव्हते असे मुळीच म्हणता येत नाही. ब्रायटन लंडनपासून तासाभराच्या अंतरावर होते आणि तेथे पाहणारे डोळे पुष्कळ होते. बसऱ्याला वार्ताहर नव्हते आणि राणीसाहेबही जाणार नव्हत्या.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून सुमारे दहा कोसांवर टेसिफॉन येथे लढाईस तोंड लागले. पुरातन इराणी सम्राटांच्या राजवाड्याची प्रचंड कमान त्या मैदानात आजही उभी आहे. तीनही मराठा पलटणी या लढाईत होत्या. टाउनशेंड यांच्या फौजेची हानी मृत व जखमी मिळून सुमारे ४,६०० इतकी झाली. याच्या एका अंशालाही पुरेल एवढी जखमींची सोय तेथे नव्हती. आगबोटी रणभूमीपासून आठ-दहा मैलांवर, लज्ज या ठिकाणी होत्या. तेथवर जखमींना नेण्यासाठी मोटार तर नव्हतीच, रुग्णांसाठी बांधलेली साधी घोडागाडीही नव्हती. मांडीचे हाड मोडलेला, पोटात गोळी लागलेला शिपाई त्या लोखंडी पट्ट्यांवर टाकावयाचा आणि खाचखळग्यांतून गाडी हाकावयाची! गादी म्हणून काही हाताशी नसल्याने मेलेल्या सोबत्याचे प्रेत खाली घेऊन त्यावर जखमी निजल्याच्या हकीकती पुढे चौकशीत नमूद झाल्या. पुष्कळांनी गाडी नाकारली आणि रांगत, लंगडत नदी गाठली.

नदीवर पोहोचल्याने यातना संपल्या नाहीत. ज्या आगबोटी व लोखंडी पडाव वर येताना खेचरे आणि घोडे घेऊन आले, तेच न धुता जखमींनी भरून खाली परत पाठविण्यात आले. हिवाळ्यामुळे नदीचे पाणी उतरलेले, बोटी वाळूत रुतत. काठावरून अरबांच्या गोळ्या येत, आणि काही बोटींना तर माघारी फिरावे लागले. बसऱ्यास पोहोचावयास काहींना तेरा-चौदा दिवस लागले. या मुदतीत पहिल्या दिवशी बांधलेली पट्टी अनेकांच्या अंगावरून एकदाही सुटली नाही. मोडलेल्या हाडांना लाकडी खपाटे मिळाले नाहीत. जखमांत किडे पडले. त्यातच आमांशाची साथ. आणि हलता न येणारी माणसे उघड्या डेकवर एकमेकांना खेटून पडलेली.

बसऱ्याला त्या वेळी व्हरेला नावाचे रुग्णजहाज नांगरलेले होते. त्यावरील प्रमुख डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर होते. मेजिदिया नावाची आगबोट दोन्ही बाजूंना पडाव बांधून येताना त्यांनी पाहिली. तिच्यावर सुमारे सहाशे माणसे होती. तिच्या बाजूंवरून दोरखंड लोंबत असावेत असे त्यांना दुरून वाटले. बोट जवळ आली तेव्हा उमगले की ते दोरखंड नसून वाळलेल्या विष्ठेचे लोळ होते. कठड्यापर्यंत जाण्याचीही शक्ती नसलेल्या माणसांचा तो मल होता. सुवर्णमहोत्सवी ग्रंथात असला मजकूर लिहावा की नाही याचा आम्ही विचार केला. परंतु संसदेच्या अहवालात जे छापून प्रसिद्ध झाले आणि जे आपल्याच जिल्ह्यांतील माणसांनी भोगले, ते सोज्वळपणाच्या नावाखाली गाळणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

कार्टर यांनी जे पाहिले ते वरिष्ठांना लेखी कळविले. त्याचे फळ काय मिळाले? आभार दूरच राहिले, अटकेची आणि जहाजावरून काढण्याची धमकी मात्र मिळाली. ‘नसत्या उठाठेवी करणारा छांदिष्ट’ अशा अर्थाची विशेषणे वर. त्याच सुमारास निक्सन यांच्या सहीने वर जी तार गेली तिचा आशय असा, की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे आणि अडचणीच्या परिस्थितीतही वैद्यकीय विभागाने उत्कृष्ट काम केले आहे.

सरकारी भाषेची ज्यांना सवय आहे ते या तारेकडे पाहून दचकणार नाहीत, आणि खरी भीतीची गोष्ट तीच आहे. अशी वाक्ये कोणी दुष्ट माणूस लिहितो असे नाही. खालचा अधिकारी वरच्याला न रुचणारे लिहीत नाही. वरचा, खालून काही आले नाही म्हणून सारे ठीक आहे असे धरतो. आणि वित्त विभागाला आपण केलेल्या काटकसरीचे प्रमाणपत्रच हाती आल्यासारखे वाटते. कार्टर यांनी मात्र आपले म्हणणे सोडले नाही. ते पुढे चौकशी मंडळासमोर जाऊन त्यांनी जसेच्या तसे मांडले, म्हणूनच आज ते आपल्याला ठाऊक आहे.

टेसिफॉनहून मागे हटलेली फौज ३ डिसेंबर १९१५ च्या सुमारास कूत अल् अमारा येथे आली आणि तेथे वेढली गेली. तिची सुटका करण्यासाठी जानेवारी १९१६ मध्ये जी नवी फौज वर निघाली, तिच्या वाट्यास तर याहून वाईट दिवस आले. तिची वैद्यकीय पथके अजून समुद्रावर असताना शेख साद, वादी आणि हन्ना येथील लढाया झाल्या. हन्नाला पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. थंडी इतकी की रात्रभर उघड्यावर पडलेले कित्येक जखमी गोळीने न मरता गारठ्याने मेले.

ज्या ठिकाणी व्यवस्था नव्हती, त्या ठिकाणी एकेकट्या माणसांनी काय केले, त्याचीही नोंद केली पाहिजे. १३ जानेवारी १९१६ रोजी वादी येथे भोपाळ पलटणीचा शिपाई छत्तासिंग आडोसा सोडून उघड्यावर पडलेल्या आपल्या जखमी सेनाधिकाऱ्याकडे गेला. त्याने त्याची जखम बांधली, जवळच्या लहान फावड्याने त्याच्यासाठी माती खणून आडोसा केला, आणि अंधार पडेपर्यंत पाच तास स्वतःचे अंग मध्ये घालून बसून राहिला. आठच दिवसांनी हन्नाच्या चिखलात डोग्रा पलटणीच्या लान्स नाईक लाला याने जखमी अधिकाऱ्याला ऊब मिळावी म्हणून अंगावरचे कपडे काढून त्याच्यावर घातले. त्याच दिवशी कॅप्टन सिंटन नावाचे डॉक्टर दोन्ही दंडांत आणि कुशीत गोळ्या लागलेल्या असताना, उजेड असेपर्यंत जखमींना सोडून इस्पितळात जावयास तयार झाले नाहीत. तिघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सिंटन पुढे हिंदुस्थानातच राहिले आणि हिवतापाच्या संशोधनात त्यांनी मोठे नाव मिळविले.

कूतच्या वेढ्यातील वैद्यकीय इतिहास हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराशी निगडित असल्यामुळे ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वेढ्यातील वैद्यकीय प्रमुख कर्नल हेहिर यांना एक चमत्कारिक दृश्य दिसले. एकाच गावात, एकाच वेढ्यात अडकलेल्या सैन्यात गोऱ्या शिपायांना बेरीबेरी होत होता, तर हिंदी शिपायांना स्कर्व्ही. गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात, त्यामुळे धान्याच्या कोंड्यातील सत्त्व त्यांना मिळत नसे. मैदा संपला, त्यांच्या वाट्याला सातू आणि जाडीभरडी कणीक आली, आणि बेरीबेरी ओसरला! हिंदी शिपाई कणीक खात असल्याने त्या रोगापासून बचावले होते. परंतु भाजीपाला नाही, आणि घोड्याचे मांस खाण्यास बहुतेकांचा नकार, यांमुळे त्यांच्या हिरड्या सुजू लागल्या, जुन्या जखमा भरेनात. हिंदुस्थानातून धर्माचार्यांच्या अनुमतीच्या तारा मागविण्यात आल्या. तरीही पुष्कळांनी एप्रिल उजाडेपर्यंत ते मांस तोंडात घातले नाही. घरी परतल्यावर गाव आपल्याला वाळीत टाकील, लेकीबाळींची लग्ने होणार नाहीत, ही भीती त्यांना मरणापेक्षा मोठी वाटत होती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आठवणींतून याची ‘हट्ट’ म्हणून संभावना झालेली आहे. ज्यांनी आपले खेडे पाहिले आहे त्यांना तो हट्ट वाटणार नाही.

आता यातील गंमत अशी, की स्कर्व्हीवरचा एक सोपा उतारा शिपायाच्या शिध्यातच दडलेला होता. लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधिकांनी १९१७ साली दाखवून दिले की, कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही टाळणारे जे सत्त्व नसते, ते कडधान्य भिजवून त्याला मोड आणले की उत्पन्न होते. आणि ताज्या भाज्या जेथे मिळत नाहीत तेथील फौजांना असे मोडाचे धान्य द्यावे, असे त्यांनी सुचविले. मात्र ते फार शिजवू नये अशी त्यांची अट होती. आपल्याकडे मटकी फडक्यात बांधून मोड आणण्याचे काम कोणत्या आजीने केले नाही? परंतु कूत तोवर पडले होते. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली, त्यांत मराठा पलटणींतील शिल्लक राहिलेले शिपाई होते. या बंदिवानांपैकी हजारोंना वाळवंटातून पायी चालविण्यात आले आणि त्यांतील फार थोडे धडधाकट परतले. त्यांच्याबरोबर गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांत कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली डॉक्टर होते. आजाऱ्यांची सेवा करता करता १९१७ साली रास अल् ऐन येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या वृद्ध आजीने त्यांच्या पत्रांच्या आधारे ‘कल्याणप्रदीप’ हा चरित्रग्रंथ १९२८ साली बंगालीत प्रसिद्ध केला. आपल्या मराठा शिपायांच्या मागे असे लिहिणारे कोणी नव्हते, याची रुखरुख वाटते.

जखमींच्या कहाण्या खाजगी पत्रांतून आणि परतलेल्या माणसांच्या तोंडून बाहेर येऊ लागल्या, तेव्हा मार्च १९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारने व्हिन्सेंट आणि बिंगली यांची समिती नेमली. तिने इतके स्पष्ट लिहिले की तो अहवाल ताबडतोब प्रसिद्ध करण्याची कोणाची छाती झाली नाही. पुढे ब्रिटिश संसदेने कायदा करून लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली मेसापोटेमिया कमिशन नेमले. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर पडताच एकच गहजब उडाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती बोशां डफ, निक्सन आणि वैद्यकीय खात्याचे प्रमुख, साऱ्यांवर ठपका आला.

या नावांत एक नाव आम्हांस फार विचार करावयास लावते. सर विल्यम बॅब्टी हे युद्धाच्या आरंभी हिंदुस्थानातील सैन्याच्या वैद्यकीय सेवेचे संचालक होते. बोअर युद्धात, १८९९ च्या डिसेंबरमध्ये कोलेन्सो येथे, तोफांच्या भडिमारात घोड्यावरून जाऊन त्यांनी जखमींवर उपचार केले होते आणि त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. असा हा शूर डॉक्टर! अपुरी सामग्री त्यांनी पुरेसा विरोध न नोंदविता मान्य केली, असा कमिशनने त्यांच्यावर आरोप ठेवला. पुढे लष्करी मंडळाने त्यांचे स्पष्टीकरण ग्राह्य धरून त्यांना दोषमुक्त केले, हेही न्यायासाठी सांगितले पाहिजे. तरीपण गोळ्यांच्या वर्षावात जो निर्भय राहिला, त्याच्याकडूनही शिमल्याच्या मेजावर एक खरमरीत टिपणी लिहिली गेली नाही असे एखाद्या चौकशी मंडळास वाटावे, यातच मेजाची आणि रणांगणाची धिटाई किती निराळी असते ते दिसून येते.

लंडनच्या युद्धखात्याने १९१६ मध्ये मोहीम आपल्याकडे घेतल्यावर चित्र झपाट्याने पालटले. मोटार रुग्णगाड्या आल्या, नदीवर खास रुग्णांसाठी आगबोटी आल्या, बर्फाचे कारखाने उभे राहिले. जे दोन वर्षे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते काही महिन्यांत झाले. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले तेव्हा जखमींच्या हालांची तशी कहाणी पुन्हा घडली नाही. हिंदी शिपायांसाठी छावणीची सामाईक रुग्णालये मात्र १९१८ च्या अखेरीसच मंजूर झाली.

मुंबईत या जखमींच्या खुणा अजूनही सापडतात. फोर्ट भागातील ज्या घुमटाच्या वास्तूत आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, ती इमारत संग्रहालय म्हणून उघडण्यापूर्वी युद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती. हातपाय गमावलेल्या शिपायांना एखादा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीची तांत्रिक शाळा पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि तेथे ती आजही अपंग जवानांना शिकविते. कृत्रिम अवयवांचे पुण्याचे लष्करी केंद्र त्यानंतरचे, १९४४ चे, दुसऱ्या महायुद्धातील.

बसऱ्यालाही एक स्मारक आहे. ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये उभारण्यात आले. नदीकाठची त्याची मूळ जागा १९९७ साली सुटली आणि सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते वाळवंटातील नासिरियाच्या रस्त्यावर हलविले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांची संख्या पलटणीच्या नावाखाली अंकांत दिलेली आहे. युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्या चौकशीत अशी विषमता घडल्याचे मान्य केले. नावे मात्र आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत, आणि पुष्कळांपुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही लिहिलेला आहे. आपल्यापैकी ज्या कुटुंबांत पणजोबा किंवा त्यांचे बंधू ‘बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत’ एवढेच सांगितले जाते, त्यांनी १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींच्या याद्या तेथे अवश्य पाहाव्यात.